बिनडिस्कची लॅब: १४ मशीन, एक सर्व्हर आणि एनएफएसवरून बूट

खाडीपलीकडे (धागाकर्ता), रविवार सकाळी १०:१२

देवगड तालुक्यातली शाळा, समुद्र हाकेच्या अंतरावर. लॅबमध्ये १४ मशीन: ९ जुन्या बायोसची, ५ यूईएफआयची (नव्या पद्धतीच्या फर्मवेअरची), प्रत्येकी ४ जीबी रॅम. त्यातल्या ६ डिस्क गेल्या, बाकीच्या जायच्या वाटेवर. नव्या डिस्क घालण्यापेक्षा सगळ्याच काढून टाकायच्या आणि लिनक्स एका सर्व्हरवरून चालवायचं असं ठरलंय. सर्व्हरला १६ जीबी रॅम, दोन एसएसडी, डेबियन १२. स्विच गिगाबिट, १६ पोर्टचा, मॅनेज्ड. इंटरनेटचा राउटर त्याच स्विचला जोडलेला आहे.

सर्व्हरवर डीएनएसमास्क (मशीनना पत्ते आणि बूटच्या फाइली देणारा) आणि एनएफएस-कर्नल-सर्व्हर (फोल्डर नेटवर्कवरून वाटणारा) बसवलंय. आता हाल असे: पीएक्सईच्या, म्हणजे नेटवर्कवरून बूट करायच्या, टप्प्यावरच काही मशीन पीएक्सई-ई५३ दाखवतात, काही ई५१. एकच मशीन कर्नलपर्यंत (लिनक्सच्या गाभ्यापर्यंत) जातं आणि तिथे पॅनिक होतं, म्हणजे थांबतंच: व्हीएफएस, अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,२५५).

मंचाच्या रिवाजाप्रमाणे आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टंकताना अर्थातच रोमन अक्षरं, रोमन आकडे.

---

जांभादगड, रविवार सकाळी १०:५५

तीन वेगळे आजार आहेत, एकाच औषधाने जाणार नाहीत.

ई५३ म्हणजे डीएचसीपीचं (मशीनला नेटवर्कचा पत्ता देणाऱ्या सेवेचं) उत्तर आलं, पण त्यात बूट फाइलचं नाव नव्हतं. हे उत्तर तुमच्या इंटरनेट राउटरने दिलंय. एकाच स्विचवर दोन डीएचसीपी म्हणजे एका घरात दोन कारभारी. जो आधी बोलला त्याचं मशीनने ऐकलं. सर्व्हरमध्ये दुसरं नेटवर्क कार्ड टाका. एक कार्ड राउटरकडे, दुसरं लॅबच्या स्विचकडे, आणि राउटरची वायर स्विचमधून काढा. कार्ड घालणं शक्यच नसेल तर डीएनएसमास्क प्रॉक्सी पद्धतीने चालवता येतो: पत्ते राउटर वाटेल, बूटची माहिती फक्त सर्व्हर देईल. चालतं, पण काही जुन्या बायोसना ते पचत नाही. ९ मशीन जुनी आहेत तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

ई५१ म्हणजे डीएचसीपीचं उत्तर आलंच नाही. मॅनेज्ड स्विच आहे म्हणताय, मग स्पॅनिंग ट्री (वायरींचा गोल फेरा टाळणारी सोय) चालू असणार. पोर्ट जागा झाला की १५ सेकंद ऐकणार, १५ सेकंद शिकणार आणि मग पाकिटं सोडणार. तेवढ्या ३० सेकंदांत पीएक्सईने हात टेकलेले असतात. मशीनच्या पोर्टांना पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट करा.

पुढे लागतील म्हणून बाकीचे आकडेही देऊन ठेवतो. ई६१: वायर किंवा लिंक नाही. ई३२: टीएफटीपी (बूटच्या फाइली पोचवणारी सेवा) उघडत नाही, बहुतेक वेळा यूडीपी ६९ फायरवॉलमध्ये अडलेला. टी०१: टीएफटीपी पोचलं, पण त्या नावाची फाइल तिथे नाही.

---

तिरफळ, रविवार सकाळी ११:२०

पॅनिकबद्दल. कंसातले आकडे बघा. (०,२५५) म्हणजे रूट (सिस्टिमच्या सगळ्या फाइलींचं मूळ फोल्डर) एनएफएसवर आहे एवढं कर्नलला कळलं, पण ते त्याने स्वतःच चढवायचा प्रयत्न केला. डेबियनच्या तयार कर्नलमध्ये एनएफएस मॉड्यूल म्हणून असतं, आत बांधलेलं नसतं. त्यामुळे इनिटआरडीशिवाय (कर्नलसोबत उतरणाऱ्या, सुरुवातीचे मॉड्यूल असलेल्या छोट्या सिस्टिमशिवाय) हे काम होतच नाही. तुमच्याकडे इनिटआरडी उतरलेलाच नाही. बूट मेनूच्या फाइलमध्ये ती ओळ राहिलीय, नाहीतर नावात चूक आहे.

स्वतः कर्नल बांधणाऱ्यांसाठी: रूट_एनएफएस, आयपी_पीएनपी, आयपी_पीएनपी_डीएचसीपी आणि नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर, हे सगळं 'वाय' हवं, 'एम' नको. मग इनिटआरडी लागत नाही. शाळेच्या लॅबसाठी हा उपद्व्याप कशाला, ते मला कळलेलं नाही.

---

खाडीपलीकडे, रविवार दुपारी १:०५

बरोबर, इनिटआरडीची ओळच नव्हती. दुसरं कार्ड उद्या येईल. दोन प्रश्न. बायोस आणि यूईएफआय दोन्हींना एकाच सर्व्हरवरून कसं भागवायचं? आणि मशीनना द्यायची मूळ सिस्टिम सर्व्हरचीच कॉपी करून चालेल का?

---

आगोटी, रविवार दुपारी २:३०

कॉपी नको. सर्व्हरच्या एफएसटॅब, नेटवर्क सेटिंग, एसएसएचच्या चाव्या, सगळा लवाजमा सोबत येतो आणि नंतर एकेक उपटत बसावं लागतं. कोरी सिस्टिम उभी करा:

डीबूटस्ट्रॅप बुकवर्म /एसआरव्ही/एनएफएस/लॅब

मग डेव्ह, प्रॉक आणि सिस त्यात बाइंड करून क्रूट घ्या, म्हणजे त्या फोल्डरलाच रूट मानून आत शिरा. आत लिनक्स-इमेज-एएमडी६४, एनएफएस-कॉमन, डेस्कटॉप (४ जीबीला एक्सएफसीई पुरे), आणि रिअलटेकची कार्डं असतील तर फर्मवेअर-रिअलटेक. डेबियन १२ पासून हे नॉन-फ्री-फर्मवेअर या वेगळ्या विभागात गेलंय. तो सोर्सेसमध्ये जोडायला विसरू नका. मराठीसाठी फाँट्स-लोहित-देवा आणि आयबस-एम१७एन.

आता मुख्य जागा. /ईटीसी/इनिटरामएफएस-टूल्स/इनिटरामएफएस.कॉन्फ मध्ये बूट=एनएफएस आणि मॉड्यूल्स=नेटबूट करा, मग अपडेट-इनिटरामएफएस -यू. मॉड्यूल्स 'मोस्ट' ठेवलं तरी बूट होतं, पण इनिटआरडी फुगतो आणि तो टीएफटीपीवरून जायचा असतो. टीएफटीपी म्हणजे हाताने बादल्या पोचवण्यासारखं: एक पाकीट गेलं, पोच आली, मगच दुसरं. त्यामुळे इनिटआरडीचा प्रत्येक एमबी १४ मशीनच्या बूटला जाणवतो.

दोन्ही प्रकारच्या मशीनसाठी ग्रब (बूटचा मेनू दाखवून कर्नल सुरू करणारा प्रोग्रॅम) वापरा. सर्व्हरवर ग्रब-पीसी-बिन आणि ग्रब-ईएफआय-एएमडी६४-बिन टाकून ही आज्ञा द्या:

ग्रब-एमकेनेटडिर --नेट-डिरेक्टरी=/एसआरव्ही/टीएफटीपी --सबडिर=बूट/ग्रब

आय३८६-पीसी फोल्डरात कोअर.० तयार होते, एक्स८६_६४-ईएफआय मध्ये कोअर.ईएफआय. मेनू दोघांना एकच, बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी. कुणाला काय द्यायचं ते डीएनएसमास्क ठरवतो:

डीएचसीपी-रेंज=१९२.१६८.१०.१००,१९२.१६८.१०.१५०,१२एच
एनेबल-टीएफटीपी
टीएफटीपी-रूट=/एसआरव्ही/टीएफटीपी
डीएचसीपी-मॅच=सेट:ईएफआय,ऑप्शन:क्लायंट-आर्क,७
डीएचसीपी-बूट=टॅग:ईएफआय,बूट/ग्रब/एक्स८६_६४-ईएफआय/कोअर.ईएफआय
डीएचसीपी-बूट=टॅग:!ईएफआय,बूट/ग्रब/आय३८६-पीसी/कोअर.०

क्लायंट-आर्क ७ म्हणजे ६४ बिटी यूईएफआय, ० म्हणजे जुना बायोस. काही यूईएफआय ७ ऐवजी ९ सांगतात, तेव्हा ९ साठी मॅचची तशीच आणखी एक ओळ घालून ठेवा. ही कोअर.ईएफआय सही केलेली नसते, म्हणून त्या ५ मशीनवर सिक्युअर बूट बंद करावं लागेल.

ग्रबच्या मेनूत कर्नलच्या ओळीला एवढंच जोडायचं:

रूट=/डेव्ह/एनएफएस एनएफएसरूट=१९२.१६८.१०.१:/एसआरव्ही/एनएफएस/लॅब,व्हर्स=३,टीसीपी आयपी=डीएचसीपी आरओ

आणि खाली इनिटआरडीची ओळ. या वेळी आठवणीने.

---

तिरफळ, रविवार दुपारी ३:१०

व्हर्स=३ का, ते सांगतो, नाहीतर कुणीतरी 'चार नवीन म्हणजे चांगलं' म्हणून बदलेल. डेबियन १२ च्या इनिटआरडीत रूट चढवणारी एनएफएसमाउंट ही क्लिबसीतली छोटी आज्ञा असते. तिला आवृत्ती ४ येत नाही. आणि टीसीपी लिहायचं कारण कर्नल ५.६ पासून एनएफएसचं यूडीपी मुळातच बंद केलेलं असतं. जुन्या लेखांतली यूडीपीची उदाहरणं जशीच्या तशी उचललीत तर इथेच गळफास बसतो.

एक्स्पोर्ट्सच्या (कुठलं फोल्डर कुणाला वाटायचं त्या फाइलच्या) ओळी:

/एसआरव्ही/एनएफएस/लॅब १९२.१६८.१०.०/२४(आरओ,नो_रूट_स्क्वॉश,नो_सबट्री_चेक)
/एसआरव्ही/एनएफएस/होम १९२.१६८.१०.०/२४(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक)

पत्ता आणि कंस यांच्यामध्ये जागा सोडू नका. ती एक रिकामी जागा अर्थच फिरवते: लॅबच्या पत्त्यांना मूळचे पर्याय लागू होतात आणि कंसातले पर्याय अख्ख्या जगाला. चूक डोळ्यांना दिसत नाही. एक्स्पोर्टएफएस -आरए केल्यावर एक्स्पोर्टएफएस -व्ही करून बघायची सवय ठेवा.

नो_रूट_स्क्वॉश (मशीनवरच्या रूट नावाच्या मुख्य वापरकर्त्याला त्या फोल्डरातही तेच अधिकार) फक्त पहिल्या ओळीला. रूटच्या मालकीच्या, इतरांना न वाचता येणाऱ्या फाइली मशीनना वाचाव्या लागतात, म्हणून तो हवाच. होमला अजिबात नको. आणि याची दुसरी बाजू: कुणी स्वतःचा लॅपटॉप स्विचला लावला तर त्याला लॅबची शॅडो फाइल (पासवर्डांची सांकेतिक नोंद) वाचता येते. म्हणून इमेजमधला रूटचा पासवर्ड सर्व्हरच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा.

---

खाडीपलीकडे, सोमवार रात्री ९:४०

कार्ड बसलं, एज पोर्ट केले. १४ पैकी १४ मशीन इनिटआरडीच्या पुढे जातात. पण रूट आरओ (फक्त वाचता येणारं) असल्यामुळे लॉगिनच्या पडद्याआधी लाल ओळींचा पाऊस. घाबरून आरडब्ल्यू (लिहिताही येणारं) करून पाहिलं तर एक मशीन छान चाललं, दुसरं लावल्यावर दोन्ही विचित्र वागायला लागली.

---

जांभादगड, सोमवार रात्री १०:०५

ताबडतोब आरओवर या. १४ मशीन एकाच /व्हार मध्ये लिहिणार म्हणजे एका पाटीवर १४ पोरं गिरवणार. लॉग, पीआयडी फाइली, एपीटीची कुलुपं, सगळं एकमेकांवर.

उपाय ओव्हरलेएफएस. खाली एनएफएसचं न बदलणारं रूट, वर प्रत्येक मशीनच्या रॅममधला टीएमपीएफएस. मशीनला वाटतं आपण लिहितोय, लिहिलेलं रॅममध्ये राहतं, बंद केलं की कोरं. /ईटीसी/इनिटरामएफएस-टूल्स/मॉड्यूल्स मध्ये ओव्हरले हा शब्द टाका आणि स्क्रिप्ट्स/एनएफएस-बॉटम फोल्डरात एक स्क्रिप्ट ठेवा. तिने क्रमाने करायचं ते असं: रूटएमएनटीवर चढलेलं रूट माउंट --मूव्हने /रन/आरओ वर हलवायचं; /रन/आरडब्ल्यू वर साइझ=५०% चा टीएमपीएफएस; त्यात अपर आणि वर्क अशी दोन फोल्डरं; मग लोअरडिर, अपरडिर, वर्कडिर देऊन ओव्हरले पुन्हा रूटएमएनटीवर. अपर आणि वर्क एकाच फाइलसिस्टिमवर हवीत. स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी द्या, नाहीतर ती मुकाट वगळली जाते आणि कुठे काही बोलतही नाही. सुरुवातीला प्रीरेक्सचा ठरलेला तुकडा हवा. तो तिथल्याच दुसऱ्या कुठल्याही स्क्रिप्टवरून उचला.

ही स्क्रिप्ट इनिट-बॉटममध्ये ठेवू नका, नेटवर काही ठिकाणी तसं सांगितलेलं असलं तरी. तिथली युडेव्हची स्क्रिप्ट /डेव्ह आधीच नव्या रूटमध्ये हलवते. तुमचं ओव्हरले नंतर आलं तर /डेव्ह खालच्या थरात गाडलं जातं आणि मशीन काळा पडदा दाखवून बसतं.

वरचा थरही एनएफएसवर ठेवायची कल्पना कुणाला सुचेल. ते होत नाही. ओव्हरलेला वरच्या थरावर जे खास गुणधर्म लिहायचे असतात ते एनएफएसवर लिहिता येत नाहीत. खालचा थर एनएफएसवर असायला हरकत नाही.

---

उकडाभात, सोमवार रात्री १०:३०

एवढं सगळं हाताने कशाला? एलटीएसपी आहे ना, अशा बिनडिस्कच्या लॅबसाठीचंच सॉफ्टवेअर. २०१९ साली ते नव्याने लिहिलं, तेव्हापासून बरंच सुटसुटीत झालंय. एलटीएसपी इमेज दिलं की स्क्वॉशएफएस तयार, मग एलटीएसपी आयपीएक्सई, एलटीएसपी एनएफएस, एलटीएसपी इनिटआरडी. ओव्हरले त्यात फुकट. वापरणाऱ्यांचे पासवर्ड सर्व्हरवरच तपासले जातात आणि होम एसएसएचएफएसवरून येतं. स्क्वॉशएफएस दाबलेलं असतं, म्हणजे वायरीवरून कमी माल जातो.

---

जांभादगड, सोमवार रात्री १०:४२

मान्य. लॅब उभी करून चालती व्हायची असेल तर एलटीएसपीच. पण अडलं की त्याच्या पोटात हेच सगळं आहे, ते माहीत असलेलं बरं. आणि एक छोटा प्रोग्रॅम टाकायचा तरी अख्खी इमेज पुन्हा बांधायची, हे आपल्याला नाही आवडत.

---

खाडीपलीकडे, मंगळवार रात्री ८:१५

ओव्हरले चाललं, सुरेख. आता १४ पैकी ५ मशीन डेस्कटॉप येता येता गोठतात: एनएफएस सर्व्हर नॉट रिस्पॉंडिंग, स्टिल ट्राइंग. आणि डीएनएसमास्कच्या यादीत एकाच पत्त्यावर दोन-तीन मशीन भांडताना दिसतात.

---

आगोटी, मंगळवार रात्री ८:५०

गोठण्याचं मूळ: नेटवर्कमॅनेजर. इनिटआरडीने आयपी=डीएचसीपीने पत्ता घेतला, त्यावर रूट चढलं. मग नेटवर्कमॅनेजर उठतो, कार्ड ताब्यात घेतो आणि पत्ता नव्याने मागतो. ज्या फांदीवर बसलोय तीच कापायची. मधल्या क्षणी रूट नाही, आणि पुढची आज्ञा वाचायची ती रूटवरूनच, म्हणून गोठतं.

लॅबच्या इमेजमधून नेटवर्कमॅनेजर काढूनच टाका. तारेच्या लॅबला त्याची गरज नाही. /ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस मध्ये कार्ड मॅन्युअल ठेवा.

पत्त्यांचं भांडण मशीन-आयडीमुळे. एकच /ईटीसी/मशीन-आयडी सगळ्यांना गेली, त्यावरून बनणारी डीएचसीपीची ओळखही सगळ्यांची एकच. फाइल ठेवा, पण रिकामी. दर बूटला प्रत्येक मशीन आपली बनवेल. इमेजमध्ये कुणी काही बसवलं की ती परत भरलेली तर नाही ना, ते बघत जा.

सर्व्हरवर /ईटीसी/एनएफएस.कॉन्फ मध्ये एनएफएसडी खाली थ्रेड्स=१६ करा. मूळचे ८ असतात. १४ मशीन एकदम उठली की कमी पडतात.

आणि होम मात्र आवृत्ती ४ ने चढवा. फायरफॉक्स त्याच्या बऱ्याच नोंदी एसक्यूलाइटमध्ये ठेवतो, त्याला कुलुपं लागतात, आणि आवृत्ती ३ ची कुलुपं वेगळ्या सेवेवर अवलंबून असतात. फायरफॉक्सचा डिस्क कॅश बंद करा, नाहीतर तो होममध्ये, म्हणजे पुन्हा वायरीवरूनच जाणार.

---

मिठागर, बुधवार सकाळी ७:३०

उशिरा आलो. सॉफ्टवेअरचं झालं असेल तर जरा वायरींकडे बघा. समुद्राकाठच्या लॅबचं खरं दुखणं तिथे असतं.

प्रत्येक मशीनवर एथटूलने वेग बघा. १००० (मेगाबिट, म्हणजेच गिगाबिट) यायला हवा. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच. खाऱ्या हवेने कनेक्टरचा एखादा दात हिरवट पडला की लिंक तुटत नाही, मुकाट १०० वर उतरते. दिवा पेटलेलाच असतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. हिशेब करा: डेस्कटॉप येईपर्यंत एका मशीनने ३५० एमबी वाचले असं धरू. १४ मशीनचे जवळपास ४.९ जीबी. सर्व्हरची वायर गिगाबिटवर असेल तर साधारण ११० एमबी सेकंदाला, म्हणजे पाऊण मिनिट. तीच १०० वर घसरली तर ११ एमबी, म्हणजे साडेसात मिनिटं. १६ जीबी रॅममध्ये अख्खं रूट बसतं, एसएसडी कुठेच आड येत नाही. आड येते ती वायर.

तेव्हा सर्व्हर ते स्विच ही वायर सगळ्यात चांगली हवी: अस्सल तांब्याची, सोन्याचा जाड मुलामा असलेल्या कनेक्टरची. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल स्वस्त मिळते, ती घेऊ नका. इथे दोन पावसाळे काढेलच याची खात्री नाही. हिरवा पडलेला कनेक्टर घासत बसू नका. कापा, नवा क्रिम्प करा. स्विचचे रिकामे पोर्ट रबरी बुचांनी बंद करा.

दुसऱ्या इमारतीत वायर न्यायची असेल तर तांबं नको, फायबर टाका. पावसाळ्याच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात विजा होतात तेव्हा दोन इमारतींमधली तांब्याची वायर म्हणजे सर्व्हरला आवतणच.

---

खाडीपलीकडे, बुधवार रात्री ९:२०

१४ पैकी ३ मशीन १०० वर होती, आणि सर्व्हरचीसुद्धा! कनेक्टर बदलले. सगळी १४ एकदम लावून डेस्कटॉप दोन मिनिटांच्या आत. राहिला लाइटचा प्रश्न. लाइट गेली की सगळं जातं, आली की मशीन सर्व्हरच्या आधी उठतात आणि 'नो बूट डिव्हाइस' म्हणून बसतात.

---

मिठागर, बुधवार रात्री ९:५५

यूपीएस फक्त सर्व्हर आणि स्विचला लावा. मशीन धाडकन गेली तरी त्यांच्याकडे बिघडण्यासारखं काही नाही, रूट आरओ आहे. होममधली उघडी फाइल जाईल तेवढीच. म्हणूनच तिरफळने होमला सिंक लिहिलंय. वेगासाठी असिंक केलंत तर सर्व्हर न लिहिताच 'लिहिलं' म्हणतो, आणि यूपीएस संपला की ते गेलं.

मशीनच्या बायोसमध्ये लाइट आल्यावर बंदच राहा असं ठेवा आणि वेक-ऑन-लॅन चालू करा. सर्व्हर उठला, एनएफएस तयार झालं, की त्याने वेकऑनलॅनने एकेक मशीन १० सेकंदांच्या अंतराने उठवायचं. काही जुनी मशीन लाइट जाऊन आल्यावर वेकला दाद देत नाहीत. त्यांचं बटण दाबायचं.

---

उकडाभात, गुरुवार सकाळी ८:१०

अवांतर: रास्पबेरी पाय ४ (छोटा संगणक) असेल तर याच सर्व्हरवर बसतो. ईईप्रॉममध्ये बूट_ऑर्डर=०एक्सएफ१२ करा. आकडे उजवीकडून वाचायचे: आधी २ म्हणजे नेटवर्क, मग १ म्हणजे एसडी कार्ड, एफ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. टीएफटीपीत तो स्वतःच्या सिरियल नंबरच्या फोल्डरात फाइली शोधतो. एनएफएसचं रूट मात्र त्याला वेगळं लागेल, प्रोसेसर एआरएम आहे.

---

खाडीपलीकडे, गुरुवार रात्री ९:००

शेवटचं. अपडेट कसे करायचे? आणि गणपतीच्या सुट्टीत लॅब बंद असते, तेव्हा मशीनची काळजी?

---

आगोटी, गुरुवार रात्री ९:३५

अपडेट सर्व्हरवर क्रूट घेऊन, सगळी मशीन बंद असताना. चालू ओव्हरलेच्या खालचा थर बदलला तर काय होईल याची हमी कर्नलही देत नाही. कुठे फाइल नाहीशी दिसेल, कुठे अर्धी जुनी अर्धी नवी. आधी सीपी -ए ने लॅबची लॅब-जुनी करून ठेवा आणि तिची वेगळी नोंद ग्रबच्या मेनूत द्या. नवीन बिघडलं तर दोन बाणांत जुन्यावर. लॅब-जुनीची ओळ एक्स्पोर्ट्समध्येही लागेल, ती विसरली जाते.

कर्नल बदलला की नवा व्हीएमलिनझ आणि इनिटआरडी टीएफटीपीत कॉपी करायलाच हवेत. नाहीतर मशीन जुन्या कर्नलवर उठतात, रूटमध्ये मॉड्यूल नव्याचे, आणि आवाज, माउस, ग्राफिक्स यांतलं काहीतरी गायब होतं. बूट नीट झालेलं असतं म्हणून तिकडे कुणाचं लक्षच जात नाही. यूनेम -आरचं उत्तर (चालू कर्नलची आवृत्ती) आणि /लिब/मॉड्यूल्स मधलं फोल्डर जुळतंय का, ते पहिलं बघायचं.

---

मिठागर, गुरुवार रात्री ९:५०

सुट्टीत बंद पडून राहिलेलं मशीन जास्त सडतं. बोर्डावर दमट थर बसतो आणि त्यात मीठ असतं. सर्व्हरच्या क्रॉनमध्ये रोज सकाळी ११ ला वेकऑनलॅनची स्क्रिप्ट लावा, ११:४५ ला सगळ्यांना पॉवरऑफ. बोर्ड तापून कोरडे होतात. समुद्राकडच्या खिडक्या मात्र बंद करून जा. पंख्याने खारा वारा आत ओढला तर असलेलं वाईट होईल. आणि यूपीएसच्या मागचा मेन स्विच कुणी 'सुट्टी आहे' म्हणून बंद करत नाही ना, हे शिपाईदादांना सांगून ठेवा.

---

खाडीपलीकडे, गुरुवार रात्री १०:०२

मेन स्विचवर चिठ्ठी लावली.